घरपट्टीचे करयोग्य मूल्य वाढवले, पण मालकाला आधी कळवले का?

ओसरी

नमस्कार. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी आमचे जुने घर आहे आणि तिथे माझी ७८ वर्षांची आई एकटी राहते. गेल्या महिन्यात तिला नगरपरिषदेचे घरपट्टीचे मागणी बिल मिळाले. त्यात घराचे करयोग्य मूल्य, म्हणजे घराला वर्षाला मिळू शकेल अशा भाड्यावरून काढलेली आणि कर मोजण्यासाठी धरलेली रक्कम, ६,२२१ रुपयांवरून एकदम १४,०१८ रुपयांवर गेलेले आहे. आईने फोनवर आकडा वाचून दाखवला, तेव्हा मला वाटले की तिची वाचण्यात चूक झाली असावी. मी स्वतः जाऊन बिल पाहिले. आकडा तोच होता.

कार्यालयात चौकशी केल्यावर उत्तर मिळाले की ही चतुर्वार्षिक आकारणी आहे, आकारणी यादी फलकावर लावली होती, वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही दिली होती आणि हरकतींची मुदत केव्हाच संपली आहे. घरी कोणतीही नोटीस आली नाही, असे मी सांगितले. त्यावर "आली असेल, तुमच्या लक्षात नसेल" एवढेच ऐकायला मिळाले. कर वाढण्याला माझा सरसकट विरोध नाही. गावात रस्ते झाले आहेत, पाणी रोज येते, आणि या गोष्टी फुकट होत नाहीत हे मला समजते. परंतु ज्या घराचे मूल्य आपण दुपटीहून अधिक ठरवणार आहोत, त्या घरात राहणाऱ्या माणसाला ते कसे ठरवले हे आधी सांगणे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेणे, ही नगरपरिषदेची जबाबदारी नाही का? वर्तमानपत्रातल्या जाहिरातीने ती पूर्ण होते का? आणि आता मुदत उलटून गेल्यावर काय करता येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सागरगोटा

अगदी हाच अनुभव आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आला. आम्ही निमूटपणे भरून टाकले आणि त्याचे आजही वाईट वाटते. वाचत आहे.

कलमदान

ओसरीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे "हो, जबाबदारी आहे" असे आहे. नगरपरिषदांना महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. त्यानुसार आकारणी यादी तयार झाल्यावर जाहीर सूचना द्यावी लागते, यादी विनामूल्य पाहू द्यावी लागते आणि हरकतींसाठी किमान ३० दिवसांची मुदत ठेवावी लागते. मात्र ज्या मालमत्तेची आकारणी पहिल्यांदाच होत आहे किंवा ज्या मालमत्तेची आकारणी वाढवली जात आहे, तिच्या मालकाला अथवा भोगवटादाराला याखेरीज स्वतंत्र सूचनाही द्यावी लागते. जाहीर सूचना सर्वांसाठी असते आणि वैयक्तिक सूचना ज्याचा भार वाढणार आहे त्याच्यासाठी असते. पहिली दिली म्हणून दुसरी माफ होत नाही.

महानगरपालिकांसाठीच्या १९४९ च्या अधिनियमातील अनुसूची 'ड', प्रकरण ८, म्हणजे कराधान नियम, हेच अधिक नेमकेपणाने सांगतात. तिथे नियम १५ खाली विशेष लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून १५ दिवसांत तक्रार करता येते. तक्रारींचा निकाल लागला की आकारणी पुस्तक प्रमाणित होते आणि त्यानंतर त्यातली नोंद कराच्या रकमेचा निर्णायक पुरावा मानली जाते. म्हणून "आधी" या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नोटीस येते तेव्हा वाढीव आकडा पुस्तकात लिहिलेला असतो, पण तो अजून पक्का झालेला नसतो. लिहिणे आणि पक्के होणे यांच्यामधली ही जागाच कायद्याने मालकाला दिलेली आहे.

ही जागा किती मोलाची आहे ते पुढच्या टप्प्यावर कळते. महानगरपालिका क्षेत्रात कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करायचे असेल, तर ते १५ दिवसांत करावे लागते, आधी आयुक्तांकडे तक्रार केलेली आणि तिचा निकाल लागलेला असावा लागतो, आणि मागणीची रक्कमही जमा करावी लागते. ज्याला नोटीसच मिळाली नाही, त्याने तक्रार केलेली नसते, आणि तक्रार नाही म्हणून पुढचे दारही त्याला बंद असल्याचे सांगितले जाते.

जुना_निरीक्षक

मी कर विभागात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो. कलमदान यांनी कायदा बरोबर सांगितला आहे, तरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूचे चित्रही सदस्यांपुढे यावे म्हणून लिहितो.

फेरआकारणीच्या वर्षी एका वसुली लिपिकाकडे काही हजार नोटिसा येतात आणि त्या वाटायला सोबत एखादा शिपाई असतो. नोटिशीवर ज्यांचे नाव आहे, त्यांतले बरेच जण हयात नसतात, कारण वारसनोंद कुणी केलेली नसते. भाडेकरू म्हणतो, मालकाला द्या. मालक पुण्या-मुंबईत असतो आणि त्याचा पत्ता कुणाला ठाऊक नसतो. काही जण नोटीस हातात घेऊन वाचतात आणि वाढ दिसली की सही न करता परत देतात. अशा वेळी घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे देणे, आणि तेही जमले नाही तर दर्शनी भागावर डकवून पंचनामा करणे, ही रीत आहे. ती प्रत्येक ठिकाणी पाळली जाते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. घाईच्या दिवसांत "घर बंद" असा शेरा मारून पुढे जाणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्याचे दुःख मला तेव्हाही होत असे.

दुसरी गोष्ट अशी की जकात गेली, ती गेल्यावर आलेला स्थानिक संस्था करही गेला, आणि आता या संस्थांच्या हातात स्वतःचे म्हणावे असे ठळक उत्पन्न घरपट्टीचेच उरले आहे. त्यामुळे आकारणी वाढवण्याचा दबाव खरा असतो. नोटीस देण्याचे काम मात्र त्या दबावाखाली सर्वात आधी आखडते.

ओसरीताई, तुम्हाला एक विचारतो. बिलावर नाव कुणाचे आहे? आणि नोटीस बजावणीची नोंदवही तुम्ही पाहिली का? "नोटीस आली नाही" असे नुसते म्हणण्यापेक्षा त्या नोंदवहीत तुमच्या घरापुढे काय शेरा आहे, हे पाहणे अधिक उपयोगी ठरेल.

माळवद

निरीक्षक काकांच्या अडचणी मान्य आहेत, पण मला त्यांचा रोख पूर्णपणे पटत नाही. त्याच पत्त्यावर, त्याच नावाने मागणी बिल मात्र अचूक पोचते, तीन महिन्यांनी थकबाकीची सूचनाही पोचते. जो शिपाई बिल देण्यासाठी घर शोधू शकतो, तो नोटीस देण्यासाठीही शोधू शकतो. नोटीस पोचली नाही तर कार्यालयाचे काही अडत नाही आणि बिल पोचले नाही तर वसुली अडते, म्हणून असे घडते असे माझे मत आहे.

शिवाय मुदतीचा हिशेब पाहा. महानगरपालिकेत तक्रारीला १५ दिवस मिळतात. माझे मूल्य कोणत्या मोजमापावरून वाढवले हे विचारायला मी माहिती अधिकाराचा अर्ज केला, तर उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात. म्हणजे कारण कळायच्या आत हरकतीची मुदत संपलेली असते. म्हणून वाढीची कारणे आणि मोजमाप नोटिशीतच छापलेले असले पाहिजे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागू नये.

खाचर

आमच्याकडे, म्हणजे ग्रामपंचायतीत, २०१५ च्या डिसेंबरमध्ये नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन व इमारतीच्या किमतीवर आली. त्याचे सूत्र असे आहे की जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा दर, अधिक इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा (घराच्या वयानुसार धरलेली घट), आणि या बेरजेला वापरानुसार भारांकाने गुणायचे. हे सूत्र मला पाठ आहे, कारण मला ते स्वतः शिकावे लागले. नमुना ८ मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आकारणी नोंदवहीत, आमचे घर "दगड विटांचे, पक्के" असे नोंदले होते. प्रत्यक्षात पुढची एक खोली तशी आहे आणि मागचा भाग मातीच्या भिंतींचा, कौलारू आहे. घसाऱ्यासाठी घराचे वय विचारायलाही कुणी आले नव्हते. वडिलांनी ते घर माझ्या जन्माच्या आधी बांधले आहे.

फेरआकारणीची यादी फलकावर लागली, तेव्हा भात लावणीचे दिवस होते. त्या दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकापाशी कोण उभे राहणार? पूर्वी निदान दवंडी तरी पिटत. मी पंचायत समितीकडे अपील केले आणि बांधकामाचा प्रकार दुरुस्त करून मिळाला, परंतु त्यासाठी तालुक्याला सहा खेपा झाल्या. माझ्या आळीतल्या दोन विधवा बायकांच्या घरांना तीच चूक लागू होती आणि त्यांना कुणी सांगितले नाही म्हणून त्यांनी तशीच घरपट्टी भरली. मी नंतर त्यांचे अर्ज लिहून दिले.

दूरदेशी

मी गेली १४ वर्षे टेक्सासमध्ये राहतो आणि माझ्या आईवडिलांचे घर सांगलीला आहे, त्यामुळे दोन्हीकडची पद्धत जवळून पाहतो. इथला घराचा कर पुष्कळ जास्त असतो, तेव्हा रकमेची तुलना नको, फक्त कळवण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो.

दर वर्षी एप्रिलच्या सुमारास टपालाने एक पत्र येते. त्यात गेल्या वर्षीचे मूल्य, या वर्षीचे प्रस्तावित मूल्य आणि हरकत घेण्याची शेवटची तारीख छापलेली असते. ही तारीख १५ मे किंवा पत्र दिल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी नंतर असेल ती. स्वतः राहत असलेल्या घराची सवलत घेतली असेल, तर करासाठी धरले जाणारे मूल्य, नवे बांधकाम सोडून, वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढत नाही. मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली तरतूद अशी की सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी, मूल्य ठरवणारे कार्यालय आपल्याविरुद्ध जी माहिती वापरणार आहे, ती पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा आपला हक्क आपल्याला लेखी कळवावा लागतो. माळवद जे म्हणतात, की कारणे आधी हातात हवीत, त्याचाच हा एक प्रकार आहे. मी दोन वेळा हरकत घेतली. एकदा मूल्य कमी झाले, एकदा झाले नाही. दुसऱ्या वेळीही आपले म्हणणे ऐकले गेले असे वाटले, कारण समोरचे कागद मी आधी वाचलेले होते.

चाळकरी

मुंबईची गोष्ट थोडी निराळी आहे, ती इथे नोंदवून ठेवतो. २०१० पासून मुंबईत मालमत्ता कर भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारला जातो आणि ते मूल्य मुद्रांक शुल्कासाठीच्या बाजारमूल्य दरांशी जोडलेले आहे. त्यामुळे दर बदलला की एकाच घराचे नव्हे, तर अख्ख्या विभागाचे मूल्य हलते. त्या नियमांपैकी २०, २१ आणि २२ हे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल कायम ठेवला. जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल ते धरून आज कर लावता येणार नाही, हा त्यातला एक मुद्दा होता. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून कर माफ झाला, म्हणून माझ्यासारख्यांना आता बिलाची धास्ती नाही.

मला यातून सुचणारा प्रश्न असा आहे की सूत्रच बदलते, तेव्हा एकेका मालकाला नोटीस देऊन काय साधते? तिथे नियमांचा मसुदा प्रसिद्ध करताना लोकांचे म्हणणे मनापासून ऐकणे अधिक महत्त्वाचे नाही का?

कलमदान

चाळकरी, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते दोन्ही गोष्टी लागतात. दर किंवा सूत्र चुकीचे आहे, ही तक्रार सर्वांची असते आणि ती मसुद्याच्या वेळीच मांडावी लागते. माझ्या घराचे क्षेत्रफळ, वय, वापर किंवा बांधकामाचा प्रकार चुकीचा धरला आहे, ही तक्रार फक्त माझी असते आणि ती माझ्याखेरीज कुणालाच दिसू शकत नाही. वैयक्तिक नोटीस या दुसऱ्या तक्रारीसाठी आहे. खाचर यांचे मातीच्या भिंतींचे उदाहरण याला फार नेमके लागू पडते.

शनिवारकर

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराच्या वार्षिक भाडेमूल्यात १९७० पासून ४० टक्के सवलत होती. २०१९ पासून ती काढली गेली आणि २०२३ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने परत मिळाली. मधल्या काळात अनेकांना वाढीव बिलावरूनच कळले की आपली सवलत गेली आहे. परत मिळवण्यासाठी पीटी-३ अर्ज भरून घरात स्वतः राहत असल्याचे पुरावे द्यावे लागले. आमच्या इमारतीतल्या वयस्कर लोकांचे अर्ज आम्ही तिघांनी मिळून भरले. सवलत काढणे हेही मूल्य वाढवण्यासारखेच आहे, आणि तिथेही माणसाला आधी विचारले गेले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

गच्चीवरची_बाग

मी एका ६४ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. आमच्याकडे सगळ्या नोटिसा एका गठ्ठ्यात संस्थेच्या कार्यालयात आल्या, रखवालदाराने सही करून घेतल्या आणि त्या आठ दिवस तशाच पडून राहिल्या. मी गावाला गेले होते. सभासदांना त्या मिळाल्या, तेव्हा १५ पैकी सातच दिवस उरले होते. आता आम्ही ठराव करून ठेवला आहे की महापालिकेचा कागद रखवालदाराने परस्पर स्वीकारायचा नाही आणि स्वीकारलाच तर त्याच दिवशी सर्वांना कळवायचे. चूक आमचीही होती, आणि ती आम्ही सुधारली.

माळवद

गच्चीवरची बाग, मुदत नोटीस बजावल्यापासून मोजतात. रखवालदाराची सही म्हणजे प्रत्येक सभासदावर बजावणी, असे धरता येईल का याबद्दल मला शंका आहे. कलमदान सर?

कलमदान

मलाही शंका आहे. घरातल्या प्रौढ व्यक्तीकडे किंवा घरच्या नोकराकडे देणे एक, आणि संस्थेच्या रखवालदाराकडे गठ्ठा सोपवणे वेगळे. परंतु वादात पडण्यापेक्षा उरलेल्या सात दिवसांत एक ओळीची का होईना, लेखी हरकत देऊन आवक क्रमांकासह पोच घेणे शहाणपणाचे असते. सविस्तर मुद्दे सुनावणीच्या वेळी मांडता येतात.

ओसरी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बऱ्याच गोष्टी घडल्या.

निरीक्षक काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नोंदवही पाहायला मागितली. दोनदा "साहेब नाहीत" म्हणून परत आले, तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला आणि दाखवण्यात आली. नोटीस माझ्या वडिलांच्या नावाने निघाली होती. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली आहेत आणि वारसनोंद आम्ही केलेली नव्हती. नावापुढे शेरा आहे "घर बंद". तारीख पाहिली आणि मी क्षणभर काहीच बोलू शकले नाही, कारण ती आषाढातली होती आणि आई त्या वेळी वारीला गेली होती. म्हणजे शेरा खोटा नव्हता. शिपाई खरोखर आला होता आणि घर खरोखर बंद होते. मी इथे पहिल्यांदा लिहिले, तेव्हा कुणी आलेच नसणार असे मनात धरून लिहिले होते, ते बरोबर नव्हते. परंतु त्यानंतर नोटीस दारावर डकवल्याची नोंद नाही, पंचनामा नाही, पुन्हा खेप घातल्याचीही नोंद नाही. आई २० दिवसांत परत आली होती आणि यादीवरच्या हरकतींची मुदत तेव्हा शिल्लक होती.

मोजमापाचा तक्ताही मिळाला आणि वाढ कशामुळे झाली ते उलगडले. जुनी नोंद ७२ चौरस मीटर आणि महिन्याला चौरस मीटरमागे ८ रुपये दर अशी होती. त्याचे वर्षाचे भाडे ६,९१२ रुपये आणि दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाता ६,२२१ रुपये. आता दर ११ रुपये झाला आहे. क्षेत्रफळ तेच राहिले असते, तर मूल्य ८,५५४ रुपये झाले असते आणि मी ते मुकाट्याने मान्य केले असते. उरलेली ५,४६४ रुपयांची वाढ क्षेत्रफळ ११८ चौरस मीटर धरल्यामुळे आहे. पाहणी करणाऱ्यांनी बाहेरून फीत लावून उघडी पडवी आणि मागचा पत्र्याचा गोठा, दोन्ही राहत्या पक्क्या घरात मिळवले आहेत. गोठ्यात गेली कित्येक वर्षे जनावर नाही, आई तिथे सरपण ठेवते.

बिलात फक्त १४,०१८ हा आकडा होता. त्यातला कोणता भाग दराचा आणि कोणता मोजमापाचा, हे बिल पाहून कुणालाही कळले नसते. नोटिशीची कार्यालयीन प्रत पाहिली, तर तिच्यातही जुना आकडा आणि नवा आकडा एवढेच होते. म्हणजे ती आईच्या हातात पडली असती, तरी आई काय हरकत घेणार होती, हा प्रश्न आता मला अधिक सतावतो. माळवद आणि दूरदेशी यांनी जे लिहिले, ते मला त्या दिवशी पूर्णपणे कळले.

कलमदान सरांच्या सल्ल्याने मी बजावणी पूर्ण न झाल्याचा मुद्दा पुढे ठेवून मुख्याधिकाऱ्यांकडे अर्ज केला आणि रक्कम हरकत राखून भरली, म्हणजे दरमहा २ टक्के शास्तीचा प्रश्न उद्भवू नये. अर्ज दाखल करून घेतला गेला. परवा कर निरीक्षक स्वतः मोजायला आले. ते अतिशय सौजन्याने वागले. आईने त्यांना चहा दिला आणि प्रत्येक भिंत दाखवली. मुख्य घर ७८ चौरस मीटर भरले, कारण दहा वर्षांपूर्वी बांधलेले न्हाणीघर जुन्या नोंदीत नव्हते. ते आमच्याकडून नोंदवायचे राहिले होते आणि ते मोजले जाणे योग्यच आहे. पडवी १८ आणि गोठा २२ चौरस मीटर, असे वेगळे लिहून घेतले आहे.

जुना_निरीक्षक

ताई, वाचून समाधान वाटले. मोजमापाच्या त्या कागदावर आईंची सही घेतली आहे ना, आणि त्याची प्रत तुमच्याकडे आहे ना? आदेश निघेपर्यंत ती जपून ठेवा. नवा लेखी आदेश हातात येत नाही तोवर जुनी नोंद बदलली असे समजू नका. आणि वारसनोंदीचा अर्ज याच खेपेला देऊन टाका, म्हणजे पुढची नोटीस आईंच्या नावाने निघेल.

ओसरी

सही घेतली आहे, प्रत माझ्याकडे आहे. वारसनोंदीसाठी वडिलांचा मृत्यू दाखला आणि आम्हा भावंडांची संमतीपत्रे जोडून अर्ज कालच दिला. आदेश अजून आलेला नाही, आला की इथे कळवते.

सागरगोटा

ओसरीताई, तुमचे वाचून मी आज आमच्या घराच्या मोजमापाचा तक्ता मागण्याचा अर्ज दिला. तीन वर्षे झाली आहेत, मागचे पैसे परत मिळण्याची आशा नाही. पण पुढची आकारणी येत्या वर्षी आहे आणि निदान या वेळी आमच्या घरात किती चौरस मीटर धरले आहेत, हे नोटीस येण्याआधी आम्हाला माहीत असेल. आवक क्रमांक घेतला आहे.